बाकावरची अडीच अक्षरे

आठवीत असताना कर्कटकाने बाकावर नाव कोरताना मी पकडला गेलो. इतिहासाच्या सरांनी छडी उगारली नाही. "पुढच्या आठवड्यात अजिंठ्याची सहल आहे, तिथे तुझा एक भाऊबंद दाखवतो," एवढेच ते म्हणाले.

दहाव्या लेण्यात, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चैत्यगृहात, एका खांबावर चित्राच्या अंगावरच ओरखडलेले ते नाव आहे : जॉन स्मिथ, आणि सोबत तारीख, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या मद्रास फौजेतील या गोऱ्या अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर झाडीआडून लेण्याची कमान दिसली, ही कथा आमच्या भागात पोरासोरांनाही पाठ असते. (त्याने लेण्यांचा "शोध लावला" असे कोणी म्हटले, तर मात्र सरांना ते मुळीच खपत नसे.) आश्चर्य म्हणजे, ते नाव मोठ्या माणसाच्याही डोक्याच्या वर होते. "स्मिथ राक्षस होता काय रे?" सरांनी विचारले. कोणी शिडी सुचवली, कोणी घोडा. सरांनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवले. त्या काळी लेण्यात माती आणि दगडगोटे साचून सुमारे पाच फुटांचा ढीग झाला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता.

"हा त्या दिवसांत इकडे कशाला आला, ते शोधून आण," ही माझी शिक्षा. शाळेच्या ग्रंथालयातील गॅझेटियरची पाने उलटण्यात दिवाळीची अर्धी सुट्टी गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी शिंद्यांचा असीरगड उरला होता. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना तिथे आसरा मिळाल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्याला वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड घेतला. स्मिथची तारीख त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांची! युद्ध संपलेले, तळ मोकळा झालेला, म्हणून साहेब शिकारीला निघाला, असे मी मोठ्या ऐटीत लिहिले. सरांनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला : "संभाव्य".

त्याहून मोठा धडा पुढे मिळाला. पुष्कळ ठिकाणी स्मिथला "२८ व्या घोडदळाचा" म्हटलेले असते आणि मीही तसेच उतरवले होते. सरांनी मला मद्रास फौजेच्या पलटणी मोजायला लावल्या. १८१९ मध्ये तिच्याकडे देशी घोडदळाच्या पलटणी होत्या अवघ्या आठ. तिच्यातील एका जुन्या पलटणीला २८ हा क्रमांक मिळाला, तो १९०३ च्या फेरक्रमांकनात. "एकाच ओळीत २८ दोनदा आले, की थांबायचे," सर म्हणाले. तारखेचा आकडा पलटणीला चिकटला असावा, हा माझा तर्क त्यांनी ऐकून घेतला. त्याखाली लाल शाई उमटली नाही, हेच मला बक्षिसासारखे वाटले.

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात अडगळीची खोली उघडली, तेव्हा तो बाक सापडला. माझ्या नावाची अडीच अक्षरे अजून आहेत. तिसरे अर्धे असतानाच सर आले होते. तारीख मात्र मी घातलेली नाही.