ऑनलाइन पोकरची कमाई आटली कशी

2003 ला ख्रिस मनीमेकर नावाचा हौशी खेळाडू ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, पोकरच्या वर्ल्ड सिरीजला गेला, 25 लाख डॉलर जिंकला, आणि मग अर्धं जग टेबलावर येऊन बसलं. सुरुवातीला मजा होती, नवखे ढिगाने, कुणीही कसलेही पत्ते घेऊन कॉल करायचं, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे लावायचं. पण टेबल एकच आणि खेळणारे सगळ्या देशांतले, म्हणजे तासाला दहा डॉलर सुटले तर अमेरिकेतला म्हणतो परवडत नाही, ब्राझील नाहीतर रशियातला पोरगा त्यातच खूश, बारा-बारा टेबलं उघडून चिकाटीने बसतो, वर सॉल्व्हर, म्हणजे कुठली चाल बरोबर ते गणित करून सांगणारं सॉफ्टवेअर, सगळ्यांकडेच. नवखे कमी, पक्के जास्त, आणि साइटचा रेक, म्हणजे तिचं कमिशन, मात्र जवळपास प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) कापला जातोच, खरा धंदा त्यांचाच म्हणा! आपल्याकडे तर 2025 च्या कायद्याने पैशाचा ऑनलाइन खेळच बंद.