परक्या शहरात बसून काय लिहावं? पॅरिस आणि मॅव्हिस गॅलंट

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका साप्ताहिकात बातमीदारी करणाऱ्या, पुढे कथालेखिका झालेल्या मॅव्हिस गॅलंट १९५० साली नोकरी सोडून युरोपात आल्या. वय अठ्ठावीस, घटस्फोट झालेला, पाठीशी कुणी नाही. दोन वर्षांत लेखनावर पोट भरता आलं तर ठीक, नाहीतर लेखनाचा नाद कायमचा सोडायचा, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. तो नाद सुटला नाही. २०१४ साली पॅरिसमध्येच त्या गेल्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी. ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात त्यांच्या ११६ कथा छापून आल्या.

आकडा मोठा आहे, पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती सुरुवातीची वर्षं. १९५२ साली त्या माद्रिदमध्ये होत्या आणि अक्षरशः उपाशी राहत होत्या. जवळच्या वस्तू विकायच्या, इंग्रजीच्या शिकवण्या करायच्या, मिळेल ते खाऊन लिहायला बसायचं. कथा परत येताहेत असं त्यांचा एजंट त्यांना कळवत होता. प्रत्यक्षात त्या विकल्या जात होत्या आणि पैसे तो स्वतःच्या खिशात घालत होता. एक दिवस ‘न्यूयॉर्कर’चा अंक हाती आला आणि त्यात स्वतःचीच कथा छापलेली दिसली, तेव्हा हा प्रकार उघड झाला. त्या दिवसांतली त्यांची रोजनिशी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या नोंदी वाचताना मला थक्क करते ती त्यांची नजर. पोटात अन्न नसताना ही बाई शेजारी राहणारी माणसं काय बोलतात, हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये लोक कशाला घाबरतात, हे टिपत होती. रडगाणं फार थोडं, निरीक्षण भरपूर.

मी पॅरिसच्या पंधराव्या विभागात राहते. गॅलंटबाई सहाव्या विभागात, जाँ फेराँदी या लहानशा रस्त्यावर, १९६० पासून राहत होत्या. माझ्या घरापासून तिथे चालत जाता येतं. शेर्श-मिदी रस्ता ओलांडला की गजबज कमी होते. जुन्या दगडी इमारती, दाराशी आकड्यांचं कुलूप, खाली टपालपेट्यांची रांग. अनेक इमारतींच्या सर्वांत वरच्या मजल्यावर छपराखालच्या खोल्या असतात. पूर्वी त्या मोलकरणींसाठी होत्या, आता त्यात विद्यार्थी आणि एकटे नोकरदार राहतात. एक पलंग, एक टेबल, उतरतं छत, आणि बऱ्याचदा संडास बाहेर, मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच. आपल्याकडून शिकायला आलेली बरीच मुलं अशा खोल्यांतच पहिलं वर्ष काढतात. तीही सहजासहजी मिळत नाही. घरमालकाला जामीन लागतो, आणि त्याचा पगार भाड्याच्या तिप्पट असावा अशी अपेक्षा असते. परक्या देशात उतरलेल्या पोराने असा जामीन कुठून आणायचा? मग ओळखीच्या कुणाकडे राहायचं, तर त्या माणसाचं सहीचं पत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, त्याचं विजेचं बिल. पत्त्याचा पुरावा म्हणून इथे विजेच्या बिलाला जी किंमत आहे ती भल्याभल्या शिफारसपत्राला नाही.

गॅलंटबाईंच्या कथा अशाच खोल्यांत आणि अशाच कागदांभोवती घडतात. युद्धानंतर पूर्व युरोपातून आलेले निर्वासित, कैदेतून सुटून घरी परतलेला जर्मन, भूमध्य समुद्रावरच्या रिव्हिएराच्या किनाऱ्यावर स्वस्ताईच्या आशेने राहिलेले आणि हळूहळू पैसे संपत आलेले इंग्रज, युरोपात भटकणारे कॅनेडियन. भाडं किती, राहण्याचा परवाना कधी संपतो, जेवायला कुणाकडे बोलावणं आहे, या तपशिलांतून माणसाचं सगळं आयुष्य उलगडतं. आयफेल टॉवरच्या दिव्यांचं कौतुक त्यांच्याकडे शोधायला जाऊ नये.

आपण परदेशाबद्दल घरी लिहितो तेव्हा बहुधा दोनच सूर लागतात. एक म्हणजे इथली शिस्त, इथली स्वच्छता, ट्राम कशी वेळेवर येते. दुसरा म्हणजे गणपतीत घरची आठवण. दोन्ही खरे आहेत, मी दोन्ही लिहिलेत आणि पुढेही लिहीन. पण त्या दोन्हींत समोरचा माणूस येत नाही, ज्याच्या गावात आपण राहतो तो. गॅलंट वाचायला लागल्यापासून माझी नजर बदलली. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी एक आजी येतात. कोट नीट बटणं लावलेला, हातात कापडी पिशवी. त्या अर्धाच पाव मागतात. काउंटरवरची मुलगी ‘बागेत’ नावाचा लांब पाव मधोमध सुरीने कापते, अर्ध्या तुकड्याला कागद गुंडाळून देते. नाणी मोजताना आजी तिला काहीतरी सांगत राहतात, मागे रांग वाढली तरी कुणी हूं की चूं करत नाही. मीही थांबते. या शहरात एकट्या राहणाऱ्या माणसांची संख्या किती मोठी आहे हे त्या अर्ध्या पावाने मला जेवढं समजावलं तेवढं कुठल्या अहवालाने समजावलं नसतं.

मे १९६८ मध्ये पॅरिसात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, पाठोपाठ देशभर संप झाला. टपाल बंद, पेट्रोल मिळेना, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग. गॅलंटबाई रोज बाहेर पडून पाहत होत्या आणि परत येऊन लिहीत होत्या. त्या नोंदी त्याच वर्षी छापल्या गेल्या. मोठमोठ्या घोषणांबरोबर अफवा, शेजाऱ्यांची भीती, रेडिओला कान लावून बसलेले लोक हे सगळं त्यात आहे. बाजू कोणाची घ्यायची याची घाई नाही. बातमीदाराची जुनी सवय इथे त्यांच्या कामी आली असं मला वाटतं.

त्यांनी कथा लिहिल्या त्या मात्र इंग्रजीतच. फ्रेंच त्यांना लहानपणापासून येत होतं. चौथ्या वर्षीच त्यांना मॉन्ट्रियलच्या फ्रेंच कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं होतं. पावाच्या दुकानात, बँकेत, मैत्रिणींत अर्धं शतक फ्रेंच, आणि टेबलाशी बसलं की इंग्रजी. दिवसभर ऑफिसात फ्रेंच बोलून रात्री मराठीत लिहायला बसणारीला हे वाचून केवढा धीर येतो! रस्त्यावरची भाषा वेगळी असली म्हणून लिहिण्याची भाषा पातळ होते, हे मला आता अजिबात पटत नाही.

मायदेशाने त्यांना उशिरा ओळखलं. कॅनडातला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला तो १९८१ च्या पुस्तकाला, म्हणजे देश सोडून तीस वर्षं उलटल्यावर. मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा आतानाज-दाव्हिद साहित्य पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. तोवर त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

कुणाला वाचायच्या असतील तर लिनेट म्यूर या मुलीच्या कथांपासून सुरुवात करा. युद्धाच्या काळात ही तरुण मुलगी न्यूयॉर्कहून एकटी मॉन्ट्रियलला परतते आणि वडिलांचं नेमकं काय झालं ते शोधायला लागते. गॅलंटबाईंचे स्वतःचे वडील त्यांच्या लहानपणीच वारले होते. एका बैठकीत सगळ्या कथा संपवू नका. एक वाचावी, पुस्तक मिटावं, मध्ये दुसरं काही वाचावं, मग पुढच्या कथेकडे वळावं, असं त्यांचंच सांगणं होतं. मी तसंच करतेय, म्हणून अजून निम्म्या शिल्लक आहेत.