आमची वाटचाल : आधी पाणी, मग पावडर

1986 साली अप्पांनी इचलकरंजीत चहा पावडरीचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानात एक तागडी, पत्र्याचे सहा डबे आणि आसाम चहाची दोन खोकी एवढाच माल होता. प्लायवूडची खोकी, आतून चंदेरी कागद लावलेला. खोकं फोडलं की वास रस्त्यापर्यंत जायचा आणि जाणारा माणूस थांबायचा.

गाव यंत्रमागाचं, रात्रपाळीचं. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे मागांच्या शेडमध्ये केटली घेऊन जाणारे चहावाले. त्यांना बारीक डस्ट लागायची. लवकर उकळते, रंग लगेच धरते आणि कपाला दोन ग्रॅम धरली तर किलोत 500 कप निघतात. घरगुती गिऱ्हाईक मात्र मोठा दाणा मागायचं. दाण्याला उकळायला वेळ द्यावा लागतो, पण त्याची चव जिभेवर जास्त वेळ राहते. आम्ही आसामचा कडकपणा, उत्तर बंगालातल्या डुआर्सचा रंग आणि थोडा निलगिरीचा वास असं मिश्रण करायला लागलो आणि त्यावर धंदा बरा चालला.

आमचं खरं शिक्षण शिरोळ तालुक्यातल्या एका मावशींनी केलं. माहेरी इचलकरंजीत प्यायलेला चहा आवडला म्हणून त्या किलोभर पावडर घेऊन गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. "पावडर चांगली हाय ओ, पर आमच्या पाण्यात उतरत न्हाई." दुसऱ्या कुणी तक्रार ऐकून घेतली असती आणि विषय संपवला असता. अप्पांनी त्यांना पुढच्या खेपेला घरचं पाणी आणायला सांगितलं. आईनं दोन पातेल्यांत एकच पावडर, एकाच मापानं टाकली. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मावशींच्या बोअरचं. नळाच्या पाण्यातला चहा तांबूस झाला. बोअरचा काळपट, वर पातळ तवंग आणि चव सपाट. तो भाग क्षारपड, पाणी मचूळ. जड पाण्यातला चुना चहाचा रंग आणि तरतरी दोन्ही मारतो. त्या पाण्यासाठी डस्टचं प्रमाण वाढवून वेगळं मिश्रण केलं, ते आजही बनतं. तेव्हापासून नवीन गावचं गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो, दुसरा दुधाचा. म्हशीचं दाट दूध सौम्य चहाला गिळून टाकतं.

नमुने चाखायची रीत सगळीकडं ठरलेली आहे : अडीच-पावणेतीन ग्रॅम पावडर, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, मग मोठ्यानं फुर्रकन ओढून घोट. आम्हीही तसं चाखतो. पण शेवटचा निकाल आईच्या पातेल्यातल्या दूध-साखरेच्या चहावर लागतो, कारण आमचं गिऱ्हाईक तोच पितं.

एक वर्ष फार वाईट गेलं. पावसाळ्यात माल जास्त झाला म्हणून शेजारचं अर्धं गोदाम भाड्यानं घेतलं. उरलेल्या अर्ध्यात अगरबत्तीचा साठा होता. चहा वास ओढतो हे ठाऊक असूनही पोती तिथं ठेवली, ही माझी चूक. पंधरा दिवसांत नऊ पोत्यांना चंदनाचा वास धरला. अप्पांनी त्यातली चिमूटभरही विकू दिली नाही. त्या नुकसानीचं कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं. आता आमच्या गोदामात साबणाची वडीसुद्धा आत जात नाही.

अलीकडं गुळाचा चहा जोरात आहे आणि दूध फाटतं अशी विचारणा रोज होते. आम्ही काउंटरवरच करून दाखवतो. पाण्यात आधी आलं उकळायचं, मग पावडर, मग गूळ पूर्ण विरघळू द्यायचा. पातेलं खाली उतरवायचं आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घालायचं. दूध घातल्यावर परत उकळी आणायची नाही. गुळाबरोबर वेलदोडा घालू नये असं माझं ठाम मत आहे, सुंठ घालावी. गवती चहाची पात असेल तर निलगिरीचं प्रमाण शून्य ठेवा, दोन वास भांडतात.

अप्पा स्वतः मात्र शेवटपर्यंत एकच चहा प्यायले : आसामचा मोठा दाणा, साखर बेताची, कप बशीत ओतून, सोबत बटर. बशी दोन्ही हातांनी धरायचे आणि तेवढा वेळ फोन वाजला तरी उचलायचे नाहीत.

डिसेंबरपासून आसामात तोडणी थांबते, म्हणून वर्षाचा बराचसा माल जून-जुलैच्या तोडणीतूनच धरून ठेवावा लागतो. यंदाचे नमुने आलेत. सोमवारी सकाळी सातला आईच्या स्वयंपाकघरात चाखणी आहे, आणि या वेळी पहिला घोट माझी लेक घेणार आहे. शिरोळचं पाणी कॅनमध्ये भरून आणून ठेवलंय.