आठ वार लोकर आणि एक कमान

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीचा सगळा कारभार पँट घालणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला आहे, हे माझं ठाम मत. खिसे रिकामे करा, पट्टा काढा, पुढे चला. आता या आज्ञांसमोर किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा घातलेला माणूस उभा करा. त्याला खिसाच नाही. पट्टा आहे, पण त्या पट्ट्यावर काहीच अवलंबून नाही. आणि ‘पुढे चला’ म्हणावं, तर तो बाजूला बसून पिंढरीला गुंडाळलेल्या नाड्या सोडवतोय.

मी ग्लासगोत राहतो, त्यामुळे हे दृश्य मला नवं नाही. लग्नसराईत शुक्रवारी सकाळी इथल्या विमानतळावर दोनचार किल्टवाले दिसतातच. फुटबॉलचा सामना परदेशात असला तर विचारूच नका. जून 2024 मध्ये युरो स्पर्धेची सलामी म्युनिकला होती, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड. स्वतःला ‘टार्टन आर्मी’ (टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरची चौकड्यांची नक्षी) म्हणवणारे स्कॉटलंडचे पाठीराखे थव्याथव्याने किल्ट घालून निघाले होते. सामना 5-1 असा हरले. पण किल्टमधला माणूस हरल्यासारखा दिसत नाही, हा त्या कपड्याचा एक गुणच म्हणायचा.

बाहेरच्याला वाटतं, एवढी हौस कशाला? बॅगेत न्यावा, तिकडे जाऊन घालावा. पण पुरुषाच्या पुऱ्या किल्टला आठ वार लोकरीचं कापड लागतं, म्हणजे सात मीटरच्या वर. तो घडी घालून ठेवला की स्वस्तातल्या विमानाची चिमुकली बॅग तिथेच भरली. शिवाय निऱ्या चुरगळतात. आणि बॅग हरवली तर भाड्याच्या पोशाखाचे पैसे भरा, वर लग्नाच्या फोटोत जीन्सवर उभे राहा. त्यापेक्षा अंगावर घातलेला बरा. अंगावरच्या कपड्याचं वजन अजून कोणी करत नाही.

आमचंही निमित्त लग्नाचंच होतं. ऑफिसातल्या एका मित्राचं, बेलफास्टला. त्याच्या मानकरी मंडळींत मी होतो, त्याचा लंडनचा मामेभाऊ होता आणि आणखी दोघं. चौघांनाही एकच टार्टन हवं, हा नवरदेवाचा हट्ट. टार्टन पूर्वापार कुळागणिक वेगळं, तेव्हा ‘तुझं कुळ कोणतं’ असं दुकानदार विचारेल अशी मला धास्ती होती, पण त्याने फक्त कमरेचं माप विचारलं. टार्टनची सरकारी नोंदवही 2009 पासून आहे आणि तीत कुळांच्या बरोबरीने शहरं, कंपन्या, संस्था असं काय वाट्टेल ते आहे. स्कॉटलंडमधल्या शिखांचं ‘सिंग’ टार्टनसुद्धा आहे. ‘कुलकर्णी’ टार्टन मात्र अजून कोणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या आजीला हा कपडा चटकन कळला असता. तिचं नऊवार, यांचं आठ वार. निऱ्या तिच्या पुढे, यांच्या मागे. तिच्या निऱ्या रोज हाताने घालायच्या, यांच्या एकदाच शिवून टाकलेल्या, त्याही अशा बेताने की मागून पाहिलं तरी चौकड्यांची नक्षी कुठे तुटू नये. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि बाजूला चामड्याच्या छोट्या पट्ट्या बकलांत अडकवल्या की काम झालं. म्हणून वरचा रुंद कमरपट्टा काढला तरी काही घसरत नाही. हे आजीला सांगावं लागलं नसतं. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना मात्र ठाऊक नसावं. मी पट्ट्याला हात घातला तशी त्यांनी मान वळवून जाहिरातीचा फलक वाचायला घेतला.

तर ट्रेमध्ये काय काय गेलं ते सांगतो. कमरपट्टा, त्याचं तळहाताएवढं बकल. स्पोरान, म्हणजे पोटाखाली लोंबणारी चामडी थैली, जी किल्टला खिसे नसल्याची भरपाई आहे. तिची साखळी कमरेमागून फिरून येते आणि तिचा हूक नेमका हात पोचत नाही तिथे असतो. माझ्या थैलीला पुढून राखाडी फर होती. ट्रे सरकत गेला तेव्हा पलीकडच्या रांगेतल्या एका पोराने आईला विचारलं, “ते जिवंत आहे का?” मग जाकीट, त्याची चांदीच्या रंगाची बटणं. मग बूट. बूट काढा असं हल्ली सगळीकडे सांगत नाहीत, आमच्या रांगेत सांगितलं. गिली ब्रोग नावाच्या या बुटांना जीभ नसते आणि हातभर लांब नाड्या असतात. त्या पुढे पीळ देऊन, घोट्यामागून नेऊन, पिंढरीवर गाठ मारून बांधायच्या. बांधायला दुकानदाराने शिकवलं होतं. सोडवायला कोणी शिकवत नाही.

राहता राहिला सुरा. पुऱ्या पोशाखात उजव्या मोज्यात एक लहान सुरा खोचतात, त्याला स्कीअन डू म्हणतात. नुसती काळी मूठ बाहेर दिसते. रस्त्यात असा सुरा बाळगणं हा स्कॉटलंडमध्ये एरवी गुन्हा, पण 1995 च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून आणि धार्मिक कारणासाठी अशा दोन सवलती शेजारी शेजारी दिल्या आहेत. म्हणजे हायलँडरचा, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाचा, स्कीअन डू आणि शिखाची कृपाण एकाच कलमाच्या आडोशाला उभ्या. ही शेजारधर्माची गोष्ट मला फार आवडते. पण विमानतळावरच्या तपासणीच्या कमानीशी ती संपते. तिथे सुऱ्याने मोठ्या बॅगेतून, विमानाच्या पोटातूनच जायचं. आपल्याकडे देशांतर्गत विमानात शिखांना ठरावीक मापाची कृपाण नेता येते, इथे मोज्यातल्या सुऱ्याला तशी मुभा नाही. म्हणून भाड्याच्या दुकानांनी तोड काढली आहे. पातंच नसलेला सुरा. मूठ आणि तिच्याखाली प्लास्टिकचा ठोकळा. आम्हाला तोच मिळाला होता, आणि तोही मोठ्या बॅगेत टाका, असं दुकानदाराने बजावलं होतं. दिसायला सुरा आहे ना, मग बास.

या कपड्याची झडती काही आजची नाही. कलोडनच्या लढाईत ब्रिटिश सरकारी फौजेने हायलँडच्या बंडखोरांना हरवलं, त्यानंतर 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाख पुरुषांना आणि मुलग्यांना बंद झाला. फौजेतल्यांना तेवढी मोकळीक. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं साता समुद्रापार रवानगी. बंदी उठली 1782 साली. चाळीस वर्षांनी, 1822 मध्ये, चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला तो स्वतःच किल्ट घालून, खाली गुलाबी तंग विजार. ज्या घराण्याने बंदी घातली त्याच घराण्याचा वारस तो. राजाला कमानीखालून जावं लागलं नाही, हे त्याचं नशीब.

आमच्या कमानीतलं यंत्र नव्या पद्धतीचं होतं. काचेच्या खोलीत हात वर करून उभं राहायचं. त्याच्या लहरी कापडातून आरपार जातात आणि अंगावरून, किंवा अंगाला चिकटलेल्या वस्तूवरून, परत फिरतात. पडद्यावर तुमचा फोटो येत नाही, एक साचेबंद बाहुली येते आणि शंका असेल तिथे पिवळा चौकोन. माझ्या बाहुलीला दोन चौकोन आले, एक उजव्या कमरेला बकलांपाशी आणि एक थेट पार्श्वभागावर. आठ वारांपैकी बहुतेक वार तिथेच निऱ्या होऊन बसलेले असतात, यंत्राने तरी काय करावं!

आता येते चाचपणी, आणि सगळ्यांच्या मनातला तो प्रश्न. आत काय घालतात? फौजेची परंपरा सांगते, काही नाही. 1997 साली हाँगकाँगचा ताबा चीनला देताना वाऱ्याने ब्लॅक वॉच पलटणीतल्या एका शिपायाचा किल्ट उडवला आणि त्या परंपरेचा पुरावा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. भाड्याच्या किल्टच्या बाबतीत परंपरा पाळू नये, असं माझं मत आहे आणि ते दुकानदाराचंही असणार. तपासणाऱ्या गृहस्थांनी मात्र यातलं काही विचारलं नाही. आधी सांगायचे, मग हात लावायचे. “आता मागच्या निऱ्यांवरून हात फिरवतो, चालेल?” उलटा पंजा, वरून खाली, एकदाच. स्वतःच्या लग्नात त्यांनीही किल्टच घातला असणार.

माझ्यामागून मामेभाऊ आला. त्याचा चौकोन पुढे, गुडघ्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात. तिथे किल्टची पिन असते, तलवारीच्या आकाराची. गृहस्थ वाकले, पिन पाहिली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. “ही कोणी लावली?” मामेभाऊ म्हणाला, मीच. “दोन्ही पदरांतून घातलीस. चालायला लागलास की कापड फाटेल. वरच्या पदरातच घालायची असते.” मग परवानगी मागून त्यांनी पिन काढली, उलटसुलट पाहिली, शंका फेडून घेतली आणि परत लावायला त्याच्याच हातात दिली. बरोबर लागेपर्यंत समोर उभे राहिले. मागे रांग ताटकळत होती, पण कोणी कुरकुरलं नाही. ग्लासगोत हे शासकीय काम धरलं जात असावं.

परतीच्या वाटेला, दुसऱ्या एका विमानतळावर, ही माया नव्हती. तिथल्या गेटवर प्रत्येकी एकच बॅग असा नियम आणि तिथली मुलगी माझ्या स्पोरानकडे बोट दाखवून म्हणाली, ही दुसरी बॅग झाली. मी म्हटलं, हा पोशाखाचा भाग आहे. ती म्हणाली, त्याला झाकण आहे, आत सामान आहे, म्हणजे बॅग. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. शेवटी तिने वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी थैलीकडे पाहिलं, ती कुठे लोंबतेय ते पाहिलं आणि मुलीला हळूच म्हणाल्या, “अगं, समोरच्या सीटखाली ठेवायला तू सांगणार आहेस का त्यांना?”

मुलीने बोर्डिंग पास फाडून हातात दिला.