'एस्तो' नाही

मंगळवार, रात्री

दोन दिवस झाले, एक शब्द मनातून जात नाही. एस्तो. स्पॅनिशमधलं 'हे'.

परवाच्या स्पॅनिशच्या तासाला घरच्यांचे फोटो दाखवून चार वाक्यं बोलायची होती. मी धाकट्या बहिणीच्या लेकीचा फोटो उघडला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एस्तो एस..." पुढचं ओठांवरच राहिलं. बाई पटकन म्हणाल्या, "एस्तो नाही. एस्तो वस्तूला. एस्ता." सूर मायेचाच होता, तरी लागलं. त्या पोरीवर मी जीव टाकते, आणि मी तिला वस्तू म्हणाले?

घरी येताना डोळे भरून आले. इतके महिने घोकते आहे. एस्ते म्हणजे हा, एस्ता म्हणजे ही, अनेकवचनी एस्तोस, एस्तास. जरा लांबचं असेल तर एसे, एसा, एसोस, एसास. त्याहून पलीकडचं असेल तर आकेल, आकेया, आकेयोस, आकेयास. झोपेत उठवलं तरी म्हणेन. पण नुसतं 'हे' म्हणून बोट दाखवायचं तरी त्या नामाचं लिंग आधी ठाऊक हवं, आणि मला ते आठवेपर्यंत माझं बोलणंच थांबतं. या वयात हा खटाटोप कशासाठी, असंही... जाऊ दे.

आज शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं की चूक स्पॅनिशमध्ये झालीच नव्हती. ती त्याच्या आधी, मराठीत झाली होती. माझ्या मनात वाक्य होतं, "हे आमच्या धाकटीचं बाळ." बाळ नपुंसकलिंगी. लेकरू, पिल्लू, मूल, कोकरू, सगळी नपुंसकलिंगीच. ज्याला उचलून छातीशी धरावं त्याच्यासाठी आपल्याकडे 'हे' आणि 'ते'. त्यात वस्तूपणा कधी जाणवलाच नाही. मी ते 'हे' जसंच्या तसं उचललं आणि 'एस्तो' म्हणून ठेवलं.

स्पॅनिशमध्ये मात्र नपुंसकलिंगी नाम एकही नाही. लॅटिनमध्ये होती; पुढे त्यांतली बहुतेक पुल्लिंगात गेली, काही स्त्रीलिंगात. मागे राहिले ते एस्तो, एसो, आकेयो असे मोजके शब्द, आणि ते कुठल्याच नामाला लागत नाहीत. ज्याचं नाव अजून कळलेलं नाही, किंवा जी गोष्ट म्हणजे एखादी अख्खी हकिगतच आहे, तिच्यासाठी ते आहेत. "के एस एस्तो?" म्हणजे हे काय आहे? उत्तरात लिब्रो, पुस्तक, आलं की लगेच एस्ते लिब्रो. मेसा, टेबल, आलं की एस्ता मेसा. नाव कळलं की एस्तोचं काम संपलं. म्हणूनच त्याला अनेकवचन नाही. मी तर सुरुवातीला 'एस्तो लिब्रो' म्हणत असे, कारण अनेकवचन एस्तोस, मग एकवचन एस्तो असणार असं वाटायचं. ते एस्ते असतं.

म्हणजे परवा मी जे म्हणाले त्याचा अर्थ होत होता, जिला नाव नाही अशी कुठलीतरी गोष्ट. आणि तिचं नाव तर मीच सुचवलेलं!

बाकीच्या चुकांचं इतकं वाटत नाही. मानो, हात, 'ओ'वर संपतो आणि स्त्रीलिंगी आहे, म्हणून एस्ता मानो. प्रोब्लेमा 'आ'वर संपतो आणि पुल्लिंगी आहे, कारण तो ग्रीकमधून आला. हे पाठ करून जमतं. आग्वा, पाणी, याने मात्र आज मला मोठा धीर दिला. आग्वा स्त्रीलिंगी, पण सुरुवातीच्या 'आ'वर आघात असल्यामुळे त्याच्या लगेच आधी स्त्रीलिंगी उपपद ला न येता पुल्लिंगीसारखं एल येतं (इंग्रजीतल्या 'द'सारखे हे शब्द). हे एलसुद्धा मुळात जुन्या एला या स्त्रीलिंगी रूपाचंच उरलेलं अंग. पण ही सवलत एस्ताला नाही. बरोबर ते एस्ता आग्वा. तरी जन्मापासून स्पॅनिश बोलणारे कितीतरी लोक 'एस्ते आग्वा' म्हणतात आणि त्यांच्या भाषेच्या अकादमीला ते चूक असल्याचं सांगत राहावं लागतं. ज्यांची ती आईची भाषा आहे त्यांचीही जीभ अडखळते, तर माझी का अडखळू नये? हे वाचल्यावर खरंच हलकं वाटलं.

मुलगे आणि मुली एकत्र असले तर स्पॅनिशमध्ये सगळे एस्तोस, पुल्लिंगी. आपल्याकडे ती 'ही मुलं' होतात, पुन्हा नपुंसकलिंगच. आपलं नपुंसकलिंग किती जणांना पोटात घेतं, हे मला परक्या भाषेने दाखवलं.

बेबे, म्हणजे बाळ, या शब्दाचंही पाहिलं. स्पेनमध्ये तान्ही मुलगी असली तरी सहसा एल बेबे म्हणतात. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत मुलीला ला बेबे. मी दोन्ही बाजूला ठेवले आणि वहीत लिहिलं: एस्ता एस मी सोब्रिना. ही माझी भाची. तीनदा मोठ्याने म्हटलं. आता 'एस्तो' तोंडात येणार नाही असं वाटतं. आलं तरी बाई आहेत.

मग दुसरा फोटो घेतला. तो परवा मी वर्गात दाखवला नव्हता. "हे माझे बाबा." हेही 'हे'च, पण आदराचं, अनेकवचनी. घरातल्या सगळ्यात लहान जिवाला आणि सगळ्यात थोरल्या माणसाला आपण एकाच शब्दाने दाखवतो, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. स्पॅनिशमध्ये आदरासाठी एस्तोस म्हणता येत नाही. एकच माणूस, म्हणून एस्ते.

एस्ते एस मी पाद्रे, असं लिहिलं. व्याकरण बरोबर आहे. पण बाबांना एकेरी हाक मारल्यासारखं झालं, आणि बराच वेळ पेन हातातच राहिलं.