तिथी बघून स्कूटर काढते

"रोज खाडी ओलांडून नोकरीला? पलीकडेच खोली का घेत नाहीस?" पुण्याच्या मावशीपासून फेरीबोटीवर भेटणाऱ्या पर्यटकांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

घर दाभोळात, नोकरी शृंगारतळीला, मध्ये वाशिष्ठीची खाडी. रस्त्यानं जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर वळसा. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. आता स्कूटर बोटीत चढवली की दहाएक मिनिटांत धोपावे. खोलीचं म्हणाल तर आई दाभोळ सोडायची नाही. विषय संपला.

बोट हलते का, भीती वाटते का, हेही विचारतात. बोटीचं काही नाही हो. घाबरायचं ते धक्क्याच्या उताराला. भरतीला पाणी वरपर्यंत असतं, बोटीचा फाळका जवळच टेकतो. ओहोटीला तोच उतार लांबलचक उघडा पडतो आणि खालच्या भागावर हिरवं बुळबुळीत शेवाळ. पहिल्याच पावसाळ्यात मी तिथे स्कूटरसकट आडवी झाले. खलाशानं आधी स्कूटर उचलली, मग मला. डब्यातली सोलकढी पर्समध्ये.

त्या संध्याकाळी आजोबांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण स्कूटरपुरतं पुरतं. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे माझ्या सकाळी सातच्या फेरीला नेमकी ओहोटी. त्यात पुनवेचं नाहीतर अवसेचं उधाण, पाणी पार खाली गेलेलं. अशा दिवशी मी चपला बदलून रबरी बूट घालते, गाडी पहिल्या गिअरसारखी रांगत... स्कूटरला कुठला गिअर, पण तुम्हाला कळलं. अष्टमी ते दशमी मात्र चैन. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडाच, त्यात सकाळी भरती, सरळ गाडी आत.

ऑफिसात हजेरीचं यंत्र बसवलंय, त्याला तिथी कळत नाही. माझ्या टेबलावर कालनिर्णय असतं, आणि महिन्यातले चार-पाच दिवस मी लाल पेनानं आधीच गोल करून ठेवलेले असतात. साहेब विचारतात, उपास का? मी हो म्हणते.