माझे त्रेचाळीस तुकडे

एप्रिल २०२४ च्या शेवटी मी फोनमधलं सगळं बिटकॉइन हार्डवेअर वॉलेटवर (चाव्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) हलवायचं ठरवलं. सगळं म्हणजे साधारण १६ लाख ८० हजार सॅट. एका बिटकॉइनचे दहा कोटी सॅट होतात, तेव्हा आकडा वाटतो तेवढा दांडगा नाही. पत्ता टाकला, सगळी रक्कम निवडली आणि खाली फी दिसली : ३,८४,३०० सॅट. मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तरी तेच. माझेच पैसे माझ्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकायला पाचव्या हिश्श्याहून जास्त!

पहिला राग ॲपवर निघाला. हे मध्ये दलाली खातंय असं धरून मी दुसरं एक ॲप घेतलं आणि त्यात माझ्या वॉलेटची चावी असलेले बारा शब्द टाकले. फी तीच आली. आता आठवलं की अंगावर काटा येतो. फी वाचवण्याच्या नादात मी अख्खी रक्कमच अनोळखी ॲपच्या हवाली केली होती. काही झालं नाही, हे नशीब.

मग कागद-पेन घेऊन बसले. डोक्यात पक्कं बसलेलं की कमिशन रकमेवर लागतं, टक्क्याने. पण बिटकॉइनच्या फीला रकमेशी काही देणंघेणं नाही. फी लागते ती जागेची. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, तयार होतो, त्यातली जागा मोजकी असते आणि जो जास्त दर देतो त्याचा व्यवहार ब्लॉक बनवणारा माइनर आधी उचलतो. बाकीचे मेमपूलमध्ये, म्हणजे रांगेत, ताटकळत राहतात. दर मोजतात सॅट प्रति व्हीबाइटमध्ये (व्हीबाइट म्हणजे व्यवहाराने व्यापलेल्या जागेचं माप). म्हणजे माझ्या फीत दोनच आकडे होते : दर आणि आकार.

दराचं कारण लगेच सापडलं. २० एप्रिलला हाल्व्हिंग झालं, म्हणजे माइनरला मिळणारं नवं बिटकॉइन निम्मं झालं, आणि त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले. जागेसाठी अशी झुंबड उडाली की ८,४०,००० क्रमांकाच्या त्या एकाच ब्लॉकमध्ये नुसती फी ३७ बिटकॉइनच्या वर जमली. मी पाठवायला बसले तेव्हा धुरळा थोडा खाली बसला होता, तरी वॉलेट ६० चा दर सुचवत होतं.

पण माझ्या व्यवहाराचा आकार ६,४०५ व्हीबाइट कसा? साधा व्यवहार दीड-दोनशेत बसतो.

इथे मला दोन संध्याकाळी लागल्या. वॉलेटमध्ये शिल्लक म्हणून एक आकडा दिसतो, पण आत तशी एक रक्कम कुठेच नसते. जेवढ्या वेळा पैसे आले तेवढे सुटे तुकडे पडून असतात. खर्च करताना प्रत्येक तुकडा कुठून आला हे व्यवहारात लिहावं लागतं आणि त्याची वेगळी सही जोडावी लागते. मला एका छोट्या कामाचे पैसे दर पंधरवड्याला बिटकॉइनमध्ये मिळायचे, चाळीस हजार सॅटच्या आसपास. असे होता होता वॉलेटमध्ये ४३ नोंदी झाल्या होत्या. त्यात वॉलेट जुन्या पद्धतीचं, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं. तिथे एक तुकडा खर्चायला १४८ बाइट लागतात. ४३ गुणिले १४८ म्हणजे ६,३६४. पैसे जिथे जाणार ती नोंद ३१ आणि वरखर्च १०. बेरीज ६,४०५. त्याला ६० ने गुणलं आणि गप्प बसले.

ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट ही व्यवहार आटोपशीर लिहिण्याची नवी पद्धत आली, तिच्या पत्त्यांत एका तुकड्याला सुमारे ६८ व्हीबाइट पुरतात. मी पहिल्या दिवशी ‘बीसी१क्यू’ने सुरू होणारा पत्ता दिला असता तर हाच व्यवहार तीन हजारांच्या आत बसला असता. म्हणजे फी भरायची वेळ पाठवताना आली, पण ती वाढवून ठेवली होती मी पैसे घेताना, दर पंधरा दिवसांनी, अगदी आनंदाने.

घाई नव्हती. पण हातांना चैन नसतं. एकच तुकडा आठच्या दराने पाठवून पाहिला आणि तो अडकला. दोन दिवस काही हललं नाही. पैसे गेले असं वाटत होतं. प्रत्यक्षात ते कुठेच गेलेले नसतात. ठरावीक मुदतीत (नोडची, म्हणजे नेटवर्कमधल्या संगणकाची, मूळ मुदत १४ दिवस असते) ब्लॉकमध्ये शिरला नाही तर व्यवहार मेमपूलमधून गळतो आणि पैसे जिथले तिथे मोकळे होतात. नशिबाने वॉलेटमध्ये आरबीएफ चालू होतं, म्हणजे तोच व्यवहार जास्त फी लावून बदलता येतो. दर ४५ केला आणि पुढच्याच ब्लॉकमध्ये काम झालं. तेव्हापासून पाठवण्याआधी आरबीएफ चालू आहे ना, हे बघते. ते असलं की सुरुवातीला कमी दर लावायला भीती वाटत नाही.

उरलेल्यांसाठी मी थांबले. मेमपूल दाखवणारी साइट रोज उघडायची सवय लागली. शनिवार-रविवारी दर बहुतेकदा उतरतो हे काही आठवड्यांत कळलं.

याच काळात दुसऱ्या एका कामाचे पैसे यूएसडीसी या डॉलरच्या किमतीशी बांधलेल्या टोकनमध्ये आले, इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कवर. इथला कायदाच वेगळा. इथे तुकड्यांची भानगड नाही. काम किती करून घेता यावर गॅस, म्हणजे कामाचं माप, लागतो. नुसतं इथर (तिथलं चलन) पाठवायला २१,००० गॅस, टोकन पाठवायला साधारण ४५ ते ६५ हजार, कारण तिथे काँट्रॅक्ट, म्हणजे नेटवर्कवरचा छोटा प्रोग्राम, चालवावं लागतं. मी शहाणपणा केला आणि गॅस लिमिट ४०,००० वर आणलं. वाटलं, कमी गॅस, कमी फी. व्यवहार अर्ध्यात गॅस संपून फसला, टोकन जागचे हलले नाहीत आणि ४०,००० गॅसचे पैसे मात्र गेले. दर २५ ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) होता, म्हणजे ०.००१ इथर निव्वळ पाण्यात. लिमिट ही किंमत नसतेच. ती फक्त मर्यादा असते आणि न वापरलेल्या गॅसचे पैसे लागत नाहीत. कमी करायचा तो दर.

आणि तो दर मला वाटत होता तितका लहरी नाही. ऑगस्ट २०२१ च्या इथेरियमच्या ‘लंडन’ नावाच्या बदलानंतर त्याचे दोन भाग झाले. मूळ फी नेटवर्क ठरवतं आणि ती जाळून टाकली जाते. वरची टिप ब्लॉक जोडणाऱ्या व्हॅलिडेटरला मिळते. ब्लॉक दर १२ सेकंदांनी येतो आणि एका ब्लॉकमध्ये मूळ फी जास्तीत जास्त साडेबारा टक्केच वर-खाली होते. त्यामुळे गर्दी ओसरली तर काही मिनिटांत ती निम्म्यावर येऊ शकते. ‘जास्तीत जास्त फी’च्या रकान्यात मोठा आकडा टाकला म्हणून तो सगळा कापला जात नाही, कापली जाते त्या वेळची मूळ फी आणि टिप. एवढं कळल्यावर मी टिप बेताची ठेवून निवांत पाठवू लागले.

पुढे मी हे पैसे आर्बिट्रम या इथेरियमवर उभ्या असलेल्या नेटवर्कवर मागायला लागले. मार्च २०२४ च्या डेनकुन बदलानंतर अशा दुसऱ्या थरावरच्या नेटवर्कांची फी खूप उतरली होती. फक्त दोन गोष्टींची धास्ती बाळगते. पैसे घेणारं एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ठिकाण) ते नेटवर्क स्वीकारतं का, हे आधी बघायचं. आणि तिथून अधिकृत पुलावरून (दोन नेटवर्कांमध्ये पैसे नेणारी सोय) मूळ इथेरियमवर परत यायला साधारण सात दिवस लागतात, हे विसरायचं नाही. एक्स्चेंजमधून पैसे काढताना जी फी लागते ती बऱ्याचदा नेटवर्कची नसून त्यांनी स्वतः ठरवलेली असते. तिथे माझी मेमपूलची सगळी विद्या वाया. कमी वेळा काढणं, एवढंच हातात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बिटकॉइनचा दर तीनवर आला. तुकडे हाताने निवडू देणारं वॉलेट संगणकावर तयारच होतं. एकेचाळीस तुकड्यांवर खुणा केल्या : ६,१०९ व्हीबाइट, १८,३२७ सॅट. सही केली. तासाभरात नव्या वॉलेटमध्ये एकच मोठा तुकडा आला. या एकत्रीकरणाची एक किंमत फीत दिसत नाही : हे सगळे तुकडे एकाच व्यक्तीचे, हे आता साखळीवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, कायमचं लिहिलं गेलं. माझे सगळे एकाच कामाचे होते, म्हणून मी फार विचार केला नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेले असते तर गटागटाने केलं असतं. कामाचे पैसे आता तीन महिन्यांनी एकदा घेते, सेगविटच्या पत्त्यावर.

नोंदी त्रेचाळीस, एक चाचणीत गेला, एकेचाळीस हलवले. राहिलेला एक तुकडा ५४६ सॅटचा आहे. तो कुणी पाठवला मला माहीत नाही. इतकी चिल्लर कधीकधी मुद्दाम टाकतात, म्हणजे तुम्ही ती बाकीच्यांत मिसळून खर्च केलीत की तुमचे पत्ते जोडता येतात. त्या दिवशीच्या दराने तो हलवायलाच ४४४ सॅट पडले असते. त्याच्यावर ‘गोठवलेला’ अशी खूण करून मी जुन्या वॉलेटमध्येच ठेवलाय.